अग्रक्रम : कशाच्या आधी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना कार्यवाहांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. असे स्वातंत्र्य मिळाले की वक्त्याची पंचाईत होते. परंतु आम्हांस विषय आयता सापडला, आणि तोही मंडळाच्याच कपाटात. स्मरणिकेसाठी जुनी इतिवृत्ते वाचून काढण्याचे काम आमच्याकडे होते. एका वर्षाच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात वाचले : 'ग्रंथालयाच्या छपराच्या दुरुस्तीचे काम अग्रक्रमाने हाती घ्यावे, असे सर्वानुमते ठरले.' पुढल्या वर्षीच्या वहीत तेच वाक्य. त्याच्या पुढल्या वर्षी शब्द थोडा वाढला होता : 'सर्वोच्च अग्रक्रमाने'. चौथ्या वर्षी मात्र छपराचा ठराव नव्हता. पावसात भिजलेल्या पुस्तकांची यादी होती. त्या यादीत मंडळाच्या पहिल्या पिढीने काढलेल्या हस्तलिखित मासिकाचे अंक होते. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. शाईने लिहिलेली ती पाने एकमेकांस चिकटली आणि अक्षरे निळ्या डागांत विरघळून गेली.

या चारही इतिवृत्तांखाली चिटणीस म्हणून जी सही आहे, ती आमची आहे.

तेव्हा, श्रोतेहो, आजचा विषय आम्ही निवडला असे म्हणण्यापेक्षा त्याने आम्हांस गाठले असे म्हणणे अधिक खरे होईल. तीन वर्षे आम्ही एक शब्द लिहीत होतो, आणि त्या शब्दाचा अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता. तो आज आपल्यासमवेत शोधावा, एवढाच आमचा हेतू आहे.

ज्या इंग्रजी शब्दाचा अनुवाद आपण अग्रक्रम, प्राधान्य किंवा प्राथमिकता असा करतो, तो 'प्रायॉरिटी' हा शब्द मुळात लॅटिन कुळातला. लॅटिनमध्ये 'प्रिऑर' म्हणजे दोहोंतील आधीचा. हे तुलनेचे रूप आहे. आपल्या 'प्रथम' शब्दातील 'प्र' आणि हा 'प्रि' हे दूरचे भाऊबंद होत, असे भाषाशास्त्र सांगते. ज्या शब्दात तुलना आहे, त्यास निदान दोन वस्तू लागतात. एकटी वस्तू 'आधीची' असू शकत नाही. ती कशाच्या तरी आधीची असावी लागते. पुढे ख्रिस्ती मठांत 'प्रायर' हे अधिकाऱ्याचे नाव झाले. आधीचा तो वरचा, अशी त्या शब्दाची वाटचाल झाली. अशा रीतीने काळाने आधी असणे आणि मानाने वर असणे हे दोन निराळे अर्थ इंग्रजीत एकाच घरात नांदू लागले.

मराठीची संपत्ती येथे दिसून येते. आपल्याकडे या दोन अर्थांस दोन स्वतंत्र शब्द आहेत. 'अग्रक्रम' हा क्रमाचा शब्द आहे. रांगेत पुढे कोण, एवढेच तो सांगतो. 'प्राधान्य' हा 'प्रधान' शब्दापासून आलेला. मुख्य कोण, हे तो सांगतो. यांखेरीज शोध किंवा निर्मिती प्रथम कोणाची या अर्थी 'आद्यत्व' आहे, कायद्याने मिळणाऱ्या पहिल्या हक्कास 'अग्रहक्क' आहे, आणि मतदाराने आपल्या मनाने लावलेल्या क्रमास 'पसंतीक्रम' आहे. एका इंग्रजी शब्दाच्या परिसरात आपल्याकडे अशी पाच माणसे राहतात, आणि आपण मात्र त्यांना एकमेकांच्या नावाने हाका मारतो.

या शेजाऱ्यांचा थोडक्यात परिचय करून घेऊ. आद्यत्वाचा वाद आपल्या मराठी माणसांच्याच घरचा आहे. दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' मुंबईत १८ मे १९१२ रोजी दाखविला गेला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी आला. दिनांकाकडे पाहिले तर तोरणे आधीचे. परंतु 'पुंडलिक' हे रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, म्हणून पहिल्या भारतीय कथापटाचा मान सर्वसाधारणपणे फाळक्यांना देतात. म्हणजे 'पहिला' ठरविण्यापूर्वी 'पहिला काय?' हे ठरवावे लागते. अग्रहक्काचे उदाहरण कंपन्यांच्या व्यवहारातले. अग्रहक्क भाग घेणाऱ्यास लाभांश आधी मिळतो, आणि कंपनी बुडाली तर भांडवलाची परतफेडही सामान्य भागधारकाच्या आधी. पसंतीक्रमाचे महत्त्व १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत साऱ्या देशाने पाहिले. पहिल्या पसंतीच्या मतांनी निकाल लागला नाही. मतपत्रिकांवरील पुढले आकडे मोजावे लागले, आणि तेव्हा कोठे वराहगिरी वेंकट गिरी निवडून आले.

परंतु आमचा खरा विषय अग्रक्रम आणि प्राधान्य या जोडीचा. ही दोन्ही एकच असती, तर दोन शब्द कशाला हवेत? ती निराळी आहेत, हे शिकण्यासाठी शब्दकोश उघडण्याचीही गरज नाही. जेवणाच्या पानाकडे पाहिले तरी पुरे. आपल्याकडे रीतीप्रमाणे पान वाढताना सर्वांत आधी मीठ वाढतात. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. मग उजवीकडे भाज्या. आणि नंतर वरणभात. अग्रक्रम मिठाचा आहे, परंतु मिठास जेवणातील प्रधान पदार्थ कोणीही म्हणणार नाही. आणि तरीही ते आधी वाढायचे असते.

याच्या उलट दृश्य पंढरीच्या वाटेवर दिसते. आषाढ शुद्ध दशमीस वाखरीहून संतांच्या पालख्या पंढरपुरात जावयास निघतात, तेव्हा माउलींची पालखी सर्वांच्या शेवटी असते. वारीतील सर्वांत मोठा मान रांगेच्या शेवटच्या जागेस आहे. येथे प्राधान्य आहे, आणि अग्रक्रम मुद्दाम सोडला आहे. आपल्या सभांतही अध्यक्ष शेवटी बोलतात. ते गौण आहेत म्हणून नव्हे.

आपल्या मीमांसकांनी तर या प्रश्नाचा शास्त्र म्हणून विचार केला. यज्ञातील फल देणारे कर्म ते प्रधान, आणि त्यास साहाय्य करणारी ती अंगे. प्रयाज नावाच्या आहुती अंगे होत. परंतु त्या द्यावयाच्या प्रधान यागाच्या आधी. एके ठिकाणी वेदवचनात होम करण्याचा उल्लेख आधी आला आहे आणि यवागू, म्हणजे पेज, शिजविण्याचा मागाहून. मीमांसक म्हणाले, शिजविल्यावाचून होम कशाचा करणार? म्हणून शब्दांच्या क्रमापेक्षा अर्थाचा क्रम बलवान मानावा. आमच्या इतिवृत्तांतही छपराचा उल्लेख पहिला होता. शब्दांचा क्रम अगदी निर्दोष होता. अर्थाचा क्रम मात्र कोणी लावला नव्हता.

आणि मान व क्रम यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, हे महाभारताच्या सभापर्वात आहे. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात अग्रपूजा कोणाची, हा प्रश्न निघाला. भीष्मांनी श्रीकृष्णाचे नाव सांगितले आणि शिशुपाल उठून उभा राहिला. त्याचे आक्षेप नीट पाहिले तर ते सारे निकषाचे आहेत. वयाने मोठा म्हणावे तर वसुदेव आहे, आचार्य म्हणावे तर द्रोण आहेत, ऋत्विज म्हणावे तर व्यास आहेत. मग कृष्ण कोणत्या नात्याने? शिशुपालाची वृत्ती दुष्ट होती हे खरे, परंतु प्रश्न विचारण्यासारखा होता. अग्रक्रम जेथे मान म्हणून दिला जातो, तेथे निकष सांगावाच लागतो; आणि तो सांगूनही भांडण टळेलच असे नाही.

आता 'प्राथमिकता' या तिसऱ्या शब्दाविषयी. आपण हिंदीच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. शाळेत, कचेरीत, बाजारात हिंदी बोललो. त्या भाषेचे आपल्यावर ऋण आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. हिंदीत 'प्राथमिकता' हा शब्द शुद्ध, रूढ आणि डौलदार आहे. परंतु मराठीत 'प्राथमिक' म्हटले की प्राथमिक शाळा आठवते, प्राथमिक फेरी आठवते. सुरुवातीचे, आरंभीच्या पायरीवरचे, असा त्याचा अर्थ आपल्या कानात बसला आहे. आपली मुले जेव्हा 'आम्ही अभ्यासाला प्राथमिकता देतो' असे म्हणतात, तेव्हा आम्ही त्यांस रागावत नाही. मराठी बोलतात याचाच आनंद मानतो. फक्त एवढे विचारतो की, बाळ, तुला अभ्यास आधी करायचा आहे, की अभ्यास मोठा वाटतो? मुले क्षणभर थांबतात, आणि तो थांबलेला क्षण आम्हांस मोलाचा वाटतो. नेमका शब्द शोधताना माणसाला आपलेच मन तपासावे लागते.

शब्दांचा हा काथ्याकूट प्रत्यक्ष जीवनात कशाला हवा, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर म्हणून, आपण सर्वांनी अनुभवलेले एक उदाहरण देतो. २०२१ साली करोनावरील लस आली तेव्हा ती सर्वांना एकाच दिवशी देणे शक्य नव्हते. १६ जानेवारीस आरोग्य कर्मचाऱ्यांपासून प्रारंभ झाला. फेब्रुवारीत पोलीस, सफाई कामगार इत्यादी आघाडीवरचे कर्मचारी आले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिक आणि पंचेचाळिशीपुढील व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढील सर्व, आणि १ मेपासून अठरा वर्षांपुढील सर्व. या क्रमाचा अर्थ काय? परिचारिकेचा जीव शिक्षकाच्या जिवापेक्षा अधिक मोलाचा, असा मुळीच नव्हे. प्राधान्य प्रत्येक जिवाला सारखेच होते. परंतु परिचारिका आजारी पडली तर तिच्या हाताखालचे रुग्ण कोणी पाहावयाचे? म्हणून तिचा अग्रक्रम. प्राधान्य समान असूनही अग्रक्रम निराळा असू शकतो, हे त्या दिवसांत अवघ्या देशाला समजले.

त्याच रांगेने आणखी एक गोष्ट शिकविली. ज्या दिवशी आमच्यासारख्या वृद्धांस 'या' म्हटले गेले, त्या दिवशी आमच्या मुलांस 'थांबा' म्हटले गेले होते. कोणास तरी थांबण्यास सांगितल्यावाचून अग्रक्रम देता येत नाही. ज्या ठरावात 'थांबा' हा शब्द कोणालाही उद्देशून नाही, त्या ठरावात अग्रक्रमही नाही, मग तो शब्द तेथे कितीही वेळा लिहिलेला असो.

आमचे आयुष्य कारकुनीत गेले. केंद्र शासनाच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत फायलींवर निकडीच्या चिठ्ठ्या लावण्याची सोय आहे, आणि प्रकरण पुढे सरकत असता त्या निकडीचा फेरविचार करावा अशी शहाणपणाची सूचनाही आहे. ती सूचना पाळली गेली नाही म्हणजे काय होते, ते आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. एका फायलीवर लाल चिठ्ठी लागली की ती लवकर जाते. हे पाहून दुसरा आपल्या फायलीवर ती लावतो, मग तिसरा. अखेरीस टेबलावर सगळाच लाल रंग होतो, आणि मग कारकून जी फाईल हाताशी येईल ती उचलतो. चिठ्ठ्या लावण्यापूर्वीही तो तेच करीत होता.

याहून निराळी एक रीत बँकांच्या व्यवहारात दिसते. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७२ साली कर्जवाटपातील 'प्राधान्य क्षेत्रां'ना निश्चित रूप देण्यात आले. शेती, लघुउद्योग यांस कर्ज मिळावे हा हेतू. परंतु केवळ 'प्राधान्य द्यावे' असे लिहून रिझर्व्ह बँक थांबली नाही. पुढे त्यास आकडा जोडला गेला. आज देशी व्यापारी बँकांनी आपल्या कर्जांपैकी चाळीस टक्के या क्षेत्रांस, आणि त्यांत अठरा टक्के शेतीस द्यावीत असा दंडक आहे. येथे शेतकरी रांगेत कोणाच्या पुढे जात नाही; त्याच्या नावाचा वाटा बाजूला काढून ठेवलेला असतो. त्या दंडकाच्या यशापयशाची चर्चा अर्थशास्त्रज्ञ करोत. आम्हांस त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, अग्रक्रमास तारीख लागते आणि प्राधान्यास वाटा लागतो. तारीख नाही आणि वाटाही नाही, तर उरतो तो केवळ आदरार्थी शब्द.

आता आपण पुन्हा त्या भिजलेल्या कपाटाकडे येऊ. ज्या तीन वर्षांत छपराची दुरुस्ती झाली नाही, त्या तीन वर्षांत मंडळ झोपले नव्हते. त्याच काळात रंगमंचाचा नवा पडदा झाला, दिवे झाले, गणेशोत्सवाची नाटके झाली. आम्ही स्वतः त्या नाटकांत कामे केली. ग्रंथालयापेक्षा नाटक मोठे, असे कोणीही कधी ठरविले नाही; सभेत विचारले असते तर सर्वांनी ग्रंथालयाच्याच बाजूने हात वर केला असता. मग असे का झाले? कारण साधे आहे. गणेश चतुर्थीला तिथी होती, छपराला नव्हती. नाटक लांबले असते तर साऱ्या गावासमोर फजिती होती. छपराचे काम लांबले तर कोणाला दिसणार होते? ज्याला तिथी असते ते आधी होते, आणि ज्याला केवळ महत्त्व असते ते वाट पाहते. आमच्या हातून घडलेल्या प्रमादाचे एवढेच मर्म आहे. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. म्हणूनच तो पुन्हा घडण्याचा संभव अधिक आहे.

तो पुन्हा घडत आहे, असे आम्हांस वाटते. म्हणूनच आज हे बोलत आहोत. गेली काही वर्षे मंडळात मुलांसाठी रविवारी सकाळी मराठीचा वर्ग चालतो. प्रत्येक अहवालात त्या वर्गाचा उल्लेख पहिल्या पानावर असतो, आणि 'मंडळ मराठीच्या अध्यापनास सर्वाधिक प्राधान्य देते' हे वाक्यही असते. परंतु आपल्याकडे सभागृह एकच आहे. आषाढ लागला की रविवारी सकाळी नाटकाच्या तालमी सुरू होतात आणि वर्ग व्हरांड्यात जातो. व्हरांड्यात पाऊस आला की वर्गास सुटी मिळते. दोन महिन्यांनी वर्ग पुन्हा भरतो तेव्हा काही मुले परत येतच नाहीत. जी येतात त्यांस बाराखडीपासून पुन्हा आरंभ करावा लागतो. महाराष्ट्रातील मुलास मराठी रस्त्यावरही मिळते. आपल्या मुलास ती घरी मिळते, आणि घराबाहेर मिळाली तर या एका खोलीत, आठवड्यातील दोन तास. ते दोन तास गेले की दुसरी जागा नाही.

आम्ही तालमींचा द्वेष करणारे नाही. पस्तीस वर्षे त्या रंगमंचावर वावरलो. आजही दिग्दर्शकाच्या खुर्चीवर आम्हीच बसतो. व्हरांड्यात गेलेल्या वर्गाचे कारण आम्हीच आहोत. गणेशोत्सवाचे नाटक या मंडळाचे वैभव आहे. त्या नाटकानेच अनेक कुटुंबे मंडळाशी जोडली गेली, आणि ते करताना पुष्कळांची मराठी सुधारली हेही खरे. म्हणून हा प्रश्न चांगले आणि वाईट यांतला नाही. तसा असता तर केव्हाच सुटला असता. तो दोन चांगल्या गोष्टींतला आहे, आणि अग्रक्रम हा शब्द खऱ्या अर्थाने तेथेच लागतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवी सर्वसाधारण सभेपुढे आमची एक नम्र सूचना आहे. यापुढे कोणत्याही ठरावात 'अग्रक्रमाने' हा शब्द यावयाचा असेल, तर चिटणिसांनी लेखणी थांबवून तीन प्रश्न विचारावेत : कशाच्या आधी? कोणत्या दिवसापर्यंत? आणि त्यासाठी किती पैसा, किती वेळ बाजूला काढला? उत्तरे मिळाली तर ती लिहावीत. मग तो शब्द लिहिला नाही तरी चालेल. उत्तरे मिळाली नाहीत, तर तो शब्द लिहू नये. सभेला खोटे समाधान देण्यापेक्षा 'हा विषय यंदा होणार नाही' असे लिहिणे अधिक प्रामाणिक आहे. आमच्या त्या तीन इतिवृत्तांत असे प्रामाणिक वाक्य असते, तर कोणी तरी ते हस्तलिखित अंक उचलून आपल्या घरी नेले असते, आणि ते आज या व्यासपीठावर ठेवता आले असते.

आणि उपदेश करणाऱ्याने आरंभ स्वतःपासून करावा, म्हणून त्या तीन प्रश्नांची आमची उत्तरे येथेच देतो. मुलांचा वर्ग सभागृहात भरावा, तालमीच्या आधी. येत्या रविवारपासून. वर्षातील प्रत्येक रविवारी सकाळी नऊ ते अकरा, आषाढ-श्रावणातही. या बदलाची किंमत आम्हांस ठाऊक आहे. तालीम दुपारी ठेवावी लागेल. दुपारी सगळी नटमंडळी येणार नाहीत. यंदाचे नाटक कदाचित थोडे कच्चे राहील, एखादा प्रवेश गाळावा लागेल. ते पाहून प्रेक्षकांनी आम्हांस नावे ठेवली तर आम्ही ती ऐकून घेऊ.

अकरा वाजेपर्यंत दिग्दर्शकाची खुर्ची व्हरांड्यात ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.